कूलरमधली खिरापत

"पप्पा, आज तुमी कोणाशीच बोलाचं नाही," प्रणालीनं सकाळीच फर्मान काढलं.

"कोणाशीच?" अमोल डबा पिशवीत कोंबता कोंबता थांबला. "गाडीत बी नाही?"

"गाडीत बी नाही. दुकानात बी नाही. आन् पार्बताबाईच्या दुकानापुढून जाल तं तोंडावर रुमाल ठेवून जाजा."

नऊ वर्षांची पोरगी बापाला असं बोलते म्हटल्यावर आईनं तिला दटावायला हवं होतं. पण दामिनी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठ करून उभी होती आणि तिच्या पाठीवरूनच कळत होतं की पोरीचं म्हणणं तिला शंभर टक्के मान्य आहे. अमोलनं आपल्या वडिलांकडे, नत्थुजींकडे पाहिलं. खाटेवर बसलेल्या नत्थुजींनी बोळक्या तोंडानं चहा फुरकला आणि म्हणाले, "बराबर हाय तिचं."

कारण आज संध्याकाळी त्यांच्या घरी भुलाबाई होती. आश्विनात कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज एकेकीच्या घरी जमतात, भुलाबाई-भुलोजीच्या मूर्तींपुढे गाणी म्हणतात आणि गाणी झाली की त्या घरची पोरगी खिरापतीचा बंद डबा पुढे आणते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर त्या घरची फजिती. नाही ओळखलं तर सगळ्यांनी एका सुरात "हरलो!" म्हणायचं, मग डबा उघडायचा आणि खायचं. देवीपुढचा प्रसाद खरा, पण बडनेऱ्याच्या त्या गल्लीत त्यावरून पोरी आठ-आठ दिवस एकमेकींशी बोलत नसत.

आणि गल्लीत एक प्रणालीच अशी होती, जिची खिरापत आजवर न ओळखता कधी उघडलीच नव्हती. तिच्या आईच्या हाताला खोट नव्हती. खोट बापाच्या तोंडाला होती. अमोलच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. तीन वर्षांपूर्वी त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानात गूळ घेताना पार्बताबाईंना पाककृतीसकट सगळं सांगून टाकलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी गाडीतल्या दोस्तांना सांगितलं, आणि त्यातल्या एकाची पोरगी निघाली याच गल्लीतली. मागच्या वर्षी मात्र त्यानं शहाणपणा केला. कोणाला काही सांगितलं नाही. फक्त पार्बताबाईंनी "शंकरपाळे?" म्हटल्यावर त्याच्या तोंडून "अंहं" निघालं, आणि "चकली?" म्हटल्यावर "जवळ आल्या, जवळ आल्या!" असं निघालं.

त्या दिवसापासून पोरी प्रणालीला चिडवायच्या, "तुह्या घरची खिरापत कायले हलवाची? तुह्या पप्पालेच हलवू!" प्रणाली त्या वेळी हसली होती, आणि घरी येऊन गोधडीत तोंड खुपसून रडली होती. अमोलनं ते पाहिलं होतं. त्याला फार वाईट वाटलं होतं, इतकं की दुसऱ्या दिवशी त्यानं ते गाडीत सगळ्यांना सांगितलं.

त्यात या पार्बताबाई. वय झालेलं, पण कान असा की विचारू नका. सारा जन्म किराणा दुकानात गेला, डबे-बरण्या हलवून आत काय आणि किती उरलंय ते सांगण्यात. पोरींच्या खेळात त्या वडीलकीच्या हक्कानं येऊन बसायच्या, डबा कानाशी नेऊन दोनदा हलवायच्या आणि सांगायच्या, "चिवडा हाय. पण शेंगदाणे कच्चे राह्यले वं माय." दुसरा अभिमान त्यांना दातांचा. एवढं वय झालं तरी सुपारी दातानं फोडते असं त्या सांगत, आणि बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसत.

तर या सगळ्याचा विचार करून यंदा मायलेकींनी खिरापत काय केली ते घरात कोणाला कळू दिलं नाही. प्रश्न होता ती लपवायची कुठं. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत गॅस, भांडी आणि ज्वारीची टाकी. दुसरीत खाट, टीव्ही, दप्तरं आणि नत्थुजी. लपवायला जागा एकच होती. वऱ्हाडात उन्हाळा संपला की कूलरचं कपाट होतं. खिडकीतला तो पत्र्याचा अवाढव्य कूलर आषाढापासून चादर पांघरून बसला होता, आणि दामिनीनं खिरापतीचा डबा त्याच्या पोटात, तळाच्या टाकीत नेऊन ठेवला.

अमोल अकोल्याला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होता. रोजची अप-डाऊन. त्या दिवशी मालक गावाला गेले, दुकान लवकर बंद झालं आणि पॅसेंजरही, लोकांच्या भाषेत सांगायचं तर, चुकून वेळेवर आली. गाडीत अमोलनं तोंड उघडलं नाही. दोस्तांनी त्याला ताप आलाय का ते हात लावून पाहिलं. पार्बताबाईंच्या दुकानापुढून तो रुमाल धरून गेला. घरी पोचला तेव्हा स्वतःवर इतका खूश होता की स्वतःचाच सत्कार करावा.

घरी फक्त नत्थुजी होते. दामिनी दोन्ही पोरींना, प्रणालीला आणि चार वर्षांच्या छकुलीला, घेऊन मखरासाठी ज्वारीचे धांडे आणायला गेली होती. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. पत्र्याखाली नत्थुजी बनियन वर करून पोटाला हवा देत होते.

"बाबा, किती घामेजले तुमी! कूलर लावतो."

"लाव बाप्पा. मी कालपासून म्हनून राह्यलो, तं तुही बायको लावू देत नाही. म्हने बिघडला हाय."

"बिघडन कसा? आपल्याले विचारलं का तिनं?" अमोलनं चादर ओढली, अंगणातल्या नळाचा पाइप बाहेरूनच कूलरच्या भोकात घातला आणि नळ सोडला. टाकी भरली. खटका दाबला. कूलर आधी खोकला, मग घरघरला आणि चालू झाला. "पाहा! याले म्हन्तेत बिघडला!"

बापलेक कूलरपुढे खाटेवर आडवे झाले. सुख म्हणजे दुसरं काय असतं? थोड्या वेळानं नत्थुजी म्हणाले,

"अमोल, आज हवा गोड लागून राह्यली रे."

"ऑक्टोबर हाय बाबा. लागन."

"ऑक्टोबर गोड नसते. तू जीभ काढून पाह्य."

अमोलनं जीभ काढली. नत्थुजींनीही काढली. दोघं मिनिटभर कूलरपुढे जिभा काढून बसले. हवा खरोखर गोड होती. गुळाचा वासही होता. मग कूलरनं एक ढेकर दिला आणि नत्थुजींच्या कपाळावर काहीतरी येऊन चिकटलं. अमोलनं ते काढून पाहिलं. शेव होती.

"बाबा," अमोल ती शेव नाकाशी नेत म्हणाला, "आज खिरापत कुठं ठेवली असन हो यायनं?"

कूलरची जाळी काढली तेव्हा सगळं दिसलं. लग्नात आलेला स्टीलचा डबा, ज्याचं झाकण कधीच नीट बसलं नव्हतं, टाकीत आडवा तरंगत होता. झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे. पाणी राखाडी. मोटर तेच पाणी वर ओढून वाळ्यावर सोडत होती आणि पंखा तीच खिरापत गेली वीस मिनिटं खोलीभर वाटत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरलाही प्रसाद पोचला होता.

"अरे देवा," अमोल खालीच बसला. "पोट्टी आता मले घरात ठेवत नाही."

"रडू नोको. दुसरी करू. काय होती?"

तोच तर घोटाळा होता. काय होती? डब्याच्या तळाशी राखाडी लगदा उरला होता. आयुष्यात पहिल्यांदा अमोलवर खिरापत ओळखायची पाळी आली होती, आणि तीही स्वतःच्या घरची. त्यानं बोट बुडवून चाटलं.

"गोड हाय."

नत्थुजींनी चाटलं. "तिखट हाय."

"गोड हाय हो बाबा!"

"आधी गोड हाय, मंग तिखट हाय. आन् हे फडकं काहून निघालं आतून?"

खरंच, लगद्यात दामिनीच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या होत्या. बऱ्याच होत्या. गोड, तिखट आणि सुती असा पदार्थ दोघांनाही आठवेना. शेवटी अमोलनं धीर करून बायकोला फोन लावला.

"दामिनी, सहज विचारून राह्यलो… खिरापत काय केली वं?"

"कायले पायजे तुमाले?"

"असंच. घरचा मानूस म्हनून."

"घरच्या मानसानंच तं दर वर्षी घात केला. ठेवा फोन."

मागून प्रणालीचा आवाज आला, "आई, पप्पा कुठून बोलून राह्यले? घरून का?"

"नाही, नाही! अकोल्यालेच हाय अजून!" अमोल ओरडला, आणि त्याच क्षणी मागे नत्थुजींनी अख्ख्या बडनेऱ्याला ओळखू येईल अशी शिंक दिली. अमोलनं फोन घाईनं ठेवला.

आता नवी खिरापत आणणं आलं. दुसरं दुकान पार स्टेशनकडे. जाऊन येईपर्यंत पोरी दारात आल्या असत्या. राहिलं जवळचं एकच. गल्ल्यावर पार्बताबाई.

"काय देऊ रे अमोल?"

अमोलनं समोरच्या बरण्या पाहिल्या. फुटाणे मागावे तर म्हातारी समजणार खिरापतीत फुटाणे. रेवडी मागावी तर समजणार रेवडी. खायचं काहीही मागितलं की पोरीचा डबा फुटलाच.

"अगरबत्ती," तो म्हणाला.

"आनखीन?"

"फिनेल."

"आनखीन?" पार्बताबाई पुढे झुकल्या. "आज खिरापत हाय ना तुमच्या घरी?"

"व्हय." अमोलची नजर छताला लटकलेल्या मालावर गेली. "…तो उंदराचा पिंजरा द्या."

"पिंजरा? खिरापतीच्या दिवशी?"

"व्हय."

पार्बताबाईंनी पिंजरा काढून दिला, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली ती तशीच राहिली. घरी आल्यावर नत्थुजींनी पिशवी उलटी करून पाहिली, लेकाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. कधी कधी बापाच्या न बोलण्याइतकी दुसरी शिवी नसते.

मग ते उठले. खोलीचं दार लोटलं. उशी उचलली, गादी उचलली, गादीखालची पोथी उचलली, आणि त्याखालून कापडाची एक फुगलेली थैली काढली.

"हे काय बाबा?"

"मले शुगर हाय. मले कोनी गोड देत नाही. म्हनून मीच देतो मले." नत्थुजींनी थैली पुढे केली. "ने. नातीसाठी देऊन राह्यलो. पन दामिनीले सांगशीन तं याद राख. मी तुह्या तोंडालेच कुलूप लावीन."

अमोलच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा त्याग घरात कोणी केला नव्हता. पण रडायला वेळ कुठं होता? बाहेर छकुलीचा आवाज आला. त्यानं डबा लुंगीला पुसला, थैली अंधारातच त्यात उलटी केली, झाकण दाबून बसवलं, डबा परत कूलरमध्ये पाण्याच्या वर पंख्यापाशी टेकवला, चादर टाकली आणि उंबऱ्यात जाऊन हसत उभा राहिला.

"तुमी तं अकोल्याले होते ना?" दामिनीनं विचारलं.

"गाडी लवकर आली."

"फोन ठेवून इतक्या लवकर?"

"लय जोरात आली."

दामिनी काही बोलणार तेवढ्यात पोरी जमू लागल्या. धांड्यांचा मखर उभा राहिला, त्यात भुलाबाई बसली, दिवा लागला आणि दोन खोल्यांच्या त्या घरात इतक्या पोरी मावल्या की नत्थुजींना खाटेवर पाय वर घेऊन बसावं लागलं. पार्बताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या गाणी ऐकत नव्हत्या. मधूनच ओठ हलवून त्या "पिंजरा…" असं पुटपुटत होत्या.

छकुली मात्र कूलरजवळ उभी राहून चादर चाटत होती. "पप्पा, कूलर गोड काहून लागते?"

"गप बस. देवीचा चमत्कार हाय," अमोलनं तिला उचलून घेतलं.

गाणी संपली. प्रणाली उठून कूलरकडे वळली तसा अमोल आडवा गेला. "मी आनतो!" त्यानं डबा काढून तिच्या हाती दिला.

प्रणालीचे डोळे बारीक झाले. "तुमाले कसं माहीत कुठं हाय ते?"

अमोलला उत्तर सुचण्याआधीच डबा तिच्या हातात हलला. खडखड, खुळखुळ, कटक. प्रणालीचा चेहरा एकदम उतरला. तिच्या खिरापतीचा आवाजच यायला नको होता. त्याचसाठी तर तिनं एकेक लाडू चिंधीत गुंडाळला होता. तिनं डब्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावर सारा गुन्हा लिहून ठेवलेला होता. खालचा ओठ थरथरला. आता रडते, असं अमोलला वाटलं.

पण पोरगी दामिनीची होती. तिनं नाक ओढलं, मान ताठ केली आणि डबा पुढे केला. "ओळखा!"

पोरींनी हलवला. "चिवडा!" "शेंगा!" "खडे!" आपल्या डब्यात काय आहे ते प्रणालीला कुठं माहीत होतं? पण दर वेळी ती बापाकडे पाही, आणि अमोलचं तोंड बंद असलं तरी चेहरा बोलत होता. भिवया वर गेल्या की ती म्हणे, "नाही!" ज्या तोंडानं आजवर तिची हार केली, त्याच तोंडाकडे बघून ती आज खेळत होती.

मग डबा पार्बताबाईंकडे गेला. त्यांनी डबा कानाशी नेला, डोळे मिटले.

"लेमन गोळ्या हायेत."

अमोलचे खांदे पडले. प्रणालीनं ते पाहिलं. "हाय," ती हळूच म्हणाली.

"रेवडी. फुटाने. खारका हायेत, दोनच. आन् बिस्कीट हाय, तुटलेलं."

खाटेवर नत्थुजींनी प्रत्येक नावाला एकेक उसासा सोडला. अमोलनं मनातल्या मनात थैली आठवून पाहिली. झालं. संपलं. म्हातारीनं सारं ओळखलं. पोरी टाळ्या पिटायच्या बेतात होत्या. प्रणाली मान खाली घालून उभी होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"थांबा वं," पार्बताबाई म्हणाल्या. "आनखीन एक हाय."

आणखीन एक? अमोल चमकला. थैलीत आणखी काय होतं? त्यानं वडिलांकडे पाहिलं. नत्थुजी घाबरेघुबरे होऊन कनवटी, खिसे, उशी चाचपत होते. अमोलशी नजरानजर होताच त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. अमोल समजला, गप्प बस म्हणताहेत. त्यानं मान डोलावली. नत्थुजींनी पुन्हा तोंडाकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांनी दाखवलं. अमोलनंही आपल्या ओठांवर बोट ठेवून त्यांना धीर दिला. शेवटी म्हाताऱ्यानं आ करून रिकामं बोळकं पार घशापर्यंत दाखवलं, तेव्हा कुठं अमोलला उलगडलं.

बाबांची कवळी! जेवताना तेवढी लावायची आणि एरवी थैलीत ठेवायची! थैली उलटी केली तेव्हा दातही डब्यात गेले होते!

कटक, कटक. पार्बताबाईंनी पुन्हा डबा हलवला. त्यांचे डोळे अचानक उघडले. हात जागच्या जागी थांबला. त्यांनी एकदा नत्थुजींकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"सांगा ना आजी!"

पार्बताबाईंनी डबा खाली ठेवला. "नाही येत बा मले. हरली मी."

"हरलो!" पोरींनी एवढा गिल्ला केला की पत्रा थरथरला. पार्बताबाई हरल्या! प्रणाली जागच्या जागी उड्या मारू लागली. "उघड! उघड!"

"उघडू नोको!" अमोल ओरडला, पण तोवर झाकण निघालं होतं.

रेवड्या-फुटाण्यांच्या राशीवर, गुलाबी हिरड्यांसकट, नत्थुजींचे दात साऱ्या गल्लीकडे पाहून हसत होते.

पहिली किंकाळी कोणाची ते कळलं नाही. नंतर सगळ्याच किंचाळल्या. निम्म्या अंगणात पळाल्या, निम्म्या पोट धरून खाली बसल्या. "आजोबाचे दात! आजोबाचे दात!" छकुली टाळ्या वाजवत नाचू लागली. दामिनीनं आधी दातांकडे पाहिलं, मग दातांखालच्या लेमन गोळ्यांकडे, आणि मग सावकाश सासऱ्यांकडे. नत्थुजींनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

एक पोरगी अंगणातून परत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे चालत नाही! दात काय खाचे असतेत का? हे खिरापतीत धरत नाही!"

प्रणालीनं मागे पाहिलं नाही, बापाकडेही पाहिलं नाही. "दात नाही तं खिरापत खासान कायनं?" ती म्हणाली.

साऱ्यांनी पार्बताबाईंकडे पाहिलं. पार्बताबाई म्हणाल्या, "पोरगी बराबर बोलून राह्यली. जितली ते."

पण वाटायचं काय? दातांखालची रेवडी कोण खाणार? अमोलनं रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं: कूलर, पाइप, शेव, लगदा. दामिनीनं कपाळाला हात लावला. मग स्वयंपाकखोलीत गेली, ज्वारीच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि दुसरा डबा काढून आणला.

"हे काय?" अमोलनं विचारलं.

"अर्धी खिरापत. इथं लपवली होती." आणि ती बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दहा वर्षं झाले लग्नाले. मी तुमाले ओळखत नसन का?"

चिंध्यांतून लाडू निघाले. ज्वारीच्या लाह्यांच्या पिठाचे, गुळातले, आणि आत तिखट शेव. बाहेरून गोड, आतून तिखट, कल्पना प्रणालीचीच. पोरींनी मिटक्या मारत खाल्ले, आधी "वा" म्हणाल्या आणि मग पाणी मागितलं. नत्थुजींनी दात धुऊन बसवले आणि गोधडीतूनच हात पुढे केला. दामिनीनं त्यावर फुटाणे ठेवले.

पार्बताबाई निघाल्या तसा अमोल पिंजरा घेऊन त्यांना सोडायला अंगणाच्या फाटकापर्यंत गेला.

"माय, हा वापस घेता का? आमच्या इथं उंदीर नाही."

"दे." त्यांनी पिंजरा घेतला. मग आजूबाजूला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "अमोल, तो आवाज मी पयल्यांदाच ओळखला होता."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"काय बोलू? चार वर्षं झाले, रोज रातच्याले माही कवळी वाटीत अशीच वाजते." त्यांनी तोंडावर पदर घेतला. "पोरी विचारतीन ना, आजी, तुमाले कसं माहीत? साऱ्या गल्लीत माह्या दाताचं नाव हाय रे. सुपारी आधी खलबत्त्यात फोडून ठेवतो मी. तुह्या पोटात काही राहत नाही हे मले माहीत हाय. पन पोरीचं तोंड पाह्य, आन् एवढं ठेव."

अमोल घरात आला. प्रणाली रिकामा डबा मांडीवर घेऊन खाटेवर राणीसारखी बसली होती. पोरी गेल्या होत्या, तरी ती छकुलीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "आन् मंग पार्बताबाई म्हने, हरली मी! पार्बताबाई!" आनंदानं तिचे कान लाल झाले होते.

"पप्पा, काय म्हने पार्बताबाई बाहेर?"

अमोलच्या घशापर्यंत शब्द आले. ओठ उघडले. दामिनीनं वळून पाहिलं, नत्थुजींनी गोधडीतून डोकं काढलं. असली बातमी! आणि त्याच्याच एकट्याजवळ! त्यानं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग फळीवर दामिनीनं जप्त करून ठेवलेल्या लेमन गोळ्यांतली एक उचलली, लुंगीला पुसली आणि तोंडात टाकून ओठ मिटले.

"काही नाही," तो गोळीमागून म्हणाला. "पिंजरा वापस घेतला म्हने."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

प्रणालीनं त्याच्या चेहऱ्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. पण गोळीनं एक गाल फुगलेला असल्यामुळे तिला त्यावरचं काही वाचता आलं नाही.

सोमवारी सकाळी अमोल स्टेशनला निघाला तेव्हा पार्बताबाईंनी दुकानातून हाक मारली. एक शब्द न बोलता बरणीत हात घातला आणि मूठभर लेमन गोळ्या त्याच्या शर्टच्या खिशात ओतल्या. गाडीत दोस्तांनी नेहमीसारखं विचारलं, "काय अमोलभाऊ, काय ताजी खबर?" अमोलनं खिशात हात घातला. अकोला येईपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही, आणि उतरताना सगळ्यांनी त्याला कळकळीनं सांगितलं की एकदा डॉक्टरला दाखवून घे बाप्पा.